दिवसा झोपणाऱ्यांचं गणराज्य

पिंपळे गुरव,
१२ जानेवारी २०२५

चि. समर्थ,

अनेक उत्तम आशीर्वाद वगैरे लिहिलं तर तू हसशील, म्हणून ते मनातल्या मनात दिले असं समज. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हाताने लिहितोय आणि पानांचे फोटो काढून तुझ्या व्हॉट्सॲपवर टाकतोय. मॉन्ट्रियलला पोस्टाने पत्र किती दिवसांत पोचतं ते विचारायला गेलो होतो, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, मुलाला मेल करा." तिला काय सांगणार!

पत्राचं कारण विशेष नाही. तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर नुसता धूळ खातोय. कुणा गरजवंताला देऊन टाकावा म्हणतो. पण देण्याआधी तो चालतो की नाही हे बघायला हवं, तेव्हा पासवर्ड कळव. एवढंच काम आहे.

मंजुळा असती तर एवढंही लिहावं लागलं नसतं. आपल्या दोघांचे निरोप तीच इकडून तिकडे न्यायची. "बाबा विचारतात, पोचलास का," असं ती तुला सांगायची, आणि मी काही विचारलेलंच नसायचं. ती गेली आणि आपलं टपालखातं बंद पडलं.

वर्षश्राद्धाला तू आलास आणि वाढलेलं पान सोडून उठलास, हे बरोबर केलं नाहीस. मी बोललो ते उगाच बोललो नव्हतो. खाली पार्किंगमध्ये पोरं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघत होती. त्यात एक माणूस भुताचा खेळ खेळत होता आणि किंचाळत होता. मी सहज डोकावलो, तर तो किंचाळत होता आपल्या स्वयंपाकघरात. तोच ओटा, तीच मिठाची निळी बरणी, खिडकीला तोच तुटका गज. तुझी आई जाऊन वर्ष होत होतं आणि जगभरची पोरं तिच्या ओट्यापाशी उभी राहून घाबरत होती. "आईचं भूत करून विकलंस," एवढंच मी म्हणालो. त्यावर तू तुझी फ्रेंच तत्त्वज्ञ मंडळी काढलीस. घर सोडून न जाणारं प्रत्येक भूत मेलेल्या माणसाचं नसतं, जे कधी घडलंच नाही त्याचंही भूत असतं, असलं काहीतरी. श्राद्धाच्या पानावर बसून, समर्थ!

तू बनवलेला तो खेळ मी खेळलेलो नाही, आणि मला खेळायचाही नाही.

समोरच्या रहमतभाभी तुझी चौकशी करतात. मी ठीक आहे म्हणून सांगतो. तू ठीक असशील असं धरून चालतोय.

तुझा,
बाबा

*

पिंपळे गुरव,
२९ जानेवारी २०२५

चि. समर्थ,

पासवर्ड मिळाला. नुसता पासवर्ड. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. असू दे.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कॉम्प्युटर कुणाला द्यायचा नव्हता. मला तुझा खेळ बघायचा होता, आणि बघितला. एकट्याने जमेना. माझा उजवा हात माउस धरतो तेव्हा डावा काय करतो हे मला कळत नाही. शेवटी रहमतभाभींना बोलावलं. शिलाई मशीनवर आयुष्य गेलंय त्यांचं. एक हात चाकावर, एक कापडावर, पाय पायट्यावर. त्यांनी चष्मा लावला, पदर खोचला आणि दहा मिनिटांत खेळाचा ताबा घेतला. मी एकदा मध्ये हात घातला तर म्हणाल्या, "काय भाऊ, तुम्ही तर भिंतीत घुसलात! सरका बाजूला."

सुरुवातीला पडद्यावर इतिहास येतो. तो मी तीनदा वाचला. शहाण्णव सालचा आमचा संप आम्ही जिंकलो, असं तू लिहिलंयस. भोसरीपासून चाकण, राजगुरुनगरपर्यंतचे कारखाने कामगारांनी ताब्यात घेतले, मुळा आणि भीमेच्या मधल्या पट्ट्याचं गणराज्य झालं. झेंडा आमचा, रेडिओ आमचा. गेटवर भाषण करणारा एक माणूस चित्रात दिसतो, त्याची पाठ माझ्यासारखी आहे. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. भाभी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर राजे झालात."

आणि मग तू तुझं खरं रूप दाखवलंस. या गणराज्यात कारखाने कधी थांबत नाहीत. तिसऱ्या पाळीचा कामगार सगळ्यांत मोठा, आणि तो दिवसा झोपतो. म्हणून दिवसभर साऱ्या मुलखाने गप्प राहायचं. शाळेत पोरं ओठ हलवून पाढे म्हणतात. आळंदीत टाळांना फडकी गुंडाळलेली. दारोदार शांतता समितीचे लोक कान लावून फिरतात. खेळणारा म्हणजे शाळेतून घरी आलेलं एक मूल. समिती येतेय हे त्याने आईला सांगायचं, आणि आई सापडत नाही. ओट्यावर चहाची वाफ असते, विळीपाशी अर्धी चिरलेली भेंडी असते, मोरीबाहेर ओली पावलं असतात. ती मात्र नुकतीच उठून गेलेली. आतल्या खोलीत कुणीतरी घोरत असतं. आपल्या हातून भांडं पडलं की घोरणं थांबतं. मग तो उठून येतो. त्याच्या डोळ्यांवर लाल काठाचा पंचा बांधलेला असतो, त्यामुळे त्याला दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं.

तो पंचा माझा आहे. उजेड लागू नये म्हणून मी तो बांधून झोपायचो. भाभींनीही ओळखला आणि त्या चष्मा पुसत बसल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला काय सांगू?

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. संप आम्ही हरलो. निम्मे लोक घरी बसले, निम्म्यांना परत घेतलं, कोर्टात तारखा पडत राहिल्या. मला परत घेतलं ते कायमच्या तिसऱ्या पाळीवर. गेटवर बोलणाऱ्याला दिवसाउजेडी कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, असा कंपनीचा हिशोब होता. मी एकवीस वर्षं दिवसा झोपलो ते हरलो म्हणून. जिंकलो असतो तर पहिल्या पाळीला गेलो असतो, दुपारी घरी आलो असतो, आणि तुझी आई मोठ्याने बोलली असती. म्हणजे तुझा सगळा इतिहास उलटा आहे. एवढी जाड पुस्तकं वाचून बापाचा संपसुद्धा धड मांडता येत नाही?

चाकणच्या फ्रेंच कंपनीत दुभाषा होतास तेव्हा बरा होतास. साहेब लाइनवर ओरडायचा आणि तू ते मराठीत मऊ करून सांगायचास. मग त्या भाषेतलं तत्त्वज्ञान वाचायला लागलास आणि ओट्यापाशी उभा राहून आईला शिकवायला लागलास. मी आतून ऐकायचो. तू म्हणालास, शब्दाचा अर्थ कधी हाती लागत नाही, तो पुढच्या शब्दावर ढकलला जातो. मंजुळा म्हणाली, "व्हय का? म्हंजी तुज्या बापाच्या कोर्टातल्या तारखेवानी?" तुम्ही दोघं हसलात. हळू हसलात.

उत्तर दे अगर देऊ नकोस. इतिहास दुरुस्त कर.

बाबा

*

पिंपळे गुरव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. समर्थ,

पत्र तू वाचलंस हे मला कळतं. फोटोखाली दोन निळ्या खुणा येतात. खुणांवर समाधान मानायची सवय आता झालीय.

इतिहासाचं राहू दे. मला दुसरंच विचारायचंय. पण हे कुणाला सांगू नकोस, भाभींनाही मी सांगितलेलं नाही.

मी आता रोज दुपारी एकटा खेळतो. बरंच जमतं. मोरीपाशी घसरत नाही, कुकरला धक्का लागू देत नाही. मला समितीशी घेणंदेणं नाही, ती आली तर येऊ दे. मी मंजुळेच्या मागे असतो. स्वयंपाकघरात गेलो की चहा गरम असतो. मधल्या खोलीत शिवणाची सुई कापडात टोचलेली असते, दोरा अजून हलत असतो. गॅलरीत ओल्या साडीतून पाणी गळत असतं. दर वेळी वाटतं की आत्ता, या दारामागे. एकदा तर पडद्याच्या कडेला तिचा हिरवा पदर गेला. मी खुर्चीवरून उठून कॉम्प्युटरच्या बाजूला बघितलं, इतका मी म्हातारा झालोय.

ती कुठे असते ते सांग. एखादी युक्ती असेल. सगळी खोकी उघडून पाहिली, माळ्यावर चढलो, झोपलेल्याच्या खोलीतही जाऊन आलो. माझ्या उशाशी चवड्यांवर उभं राहणं काय असतं ते तुला माहीत आहे. मला पहिल्यांदा कळलं.

आणि युक्ती नसेल, तर एक करशील का? माझ्यापुरता एक वेगळा खेळ पाठव. त्यात ती ओट्यापाशी बसलेली असू दे. बोलायला नको, वळून बघायला नको. मी दारात उभा राहीन आणि बंद करीन. मला तिला एकदा बघायचंय रे. फोटोत ती पाहुण्यांसारखी बसलीय.

बाबा

*

पिंपळे गुरव,
५ मार्च २०२५

चि. समर्थ,

काल जे झालं ते सांगतो, आणि हे तुला माहीत नसणार याची मला खात्री आहे, कारण मलाही माहीत नव्हतं.

भाभींचे रोजे सुरू झालेत. दुपारी त्यांना मोकळा वेळ असतो. मी खेळताना त्या अचानक आल्या आणि मला पकडलं. मी म्हणालो, समितीला चुकवतोय. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्यासमोर नका. मंजुळेला शोधताय ना?" मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

मी त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं. त्या ओट्यापाशी थांबवून म्हणाल्या, "ही भाजी बघा. चिरलीय. आता फोडणी कुठंय?"

मी म्हणालो, खेळात फोडणी कशी असेल?

"खेळाचं सोडा. तुम्ही झोपलेले असताना तुमच्या घरात कधी फोडणी ऐकलीत? मोहरी तडतडली, मिक्सर लागला, चटणी कुटली, कुकरची शिट्टी झाली?"

मी विचार करायला लागलो. एकवीस वर्षं, समर्थ. संध्याकाळी उठलो की ताटात फोडणीची आमटी असायची. शेंगदाण्याची चटणी असायची. हे सगळं आवाजाशिवाय कसं व्हायचं हा प्रश्न मला कधी पडला नाही.

भाभी म्हणाल्या, "सगळा आवाज माझ्याकडे व्हायचा. चिरलेली भाजी, पीठ, खलबत्ता, सगळं घेऊन ती पॅसेज ओलांडून यायची. दार लावायची आणि म्हणायची, 'आता बोलू का बाई?' मग जी सुरू व्हायची!" आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं बापलेक चुकीच्या घरात शोधताय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मधे अडीच हातांचा पॅसेज.

मग त्यांनीच माउस घेतला. आपल्या घराच्या पुढच्या दारातून त्या मुलाला बाहेर काढलं. मी कधी बाहेर गेलोच नव्हतो, कारण खेळ घरात आहे असं मी धरून चाललो होतो. बाहेर पॅसेज आहे. समोर भाभींचं दार आहे, हिरवं, वर त्यांच्या मियाँच्या नावाची पाटी, लालमहंमद शेख. तू पाटीसुद्धा बरोबर केलीयस. भाभींनी दारावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. ते दार नुसतं रंगवलेलं आहे. त्याच्या मागे काही नाही.

भाभींचा चेहरा पडला. "मला केलंच नाही होय यानं," म्हणाल्या. मी म्हणालो, तो शाळेत असायचा, त्याला माहीत नव्हतं. तुझी बाजू मी पहिल्यांदाच घेतली असेन.

आता माझी मागणी एवढीच आहे. ओट्यापाशी बसवू नकोस तिला. ते दार उघड.

बाबा

*

पिंपळे गुरव,
२३ मार्च २०२५

प्रिय समर्थ,

तुझी मेल आली. दोनदा वाचली, मग भाभींना वाचून दाखवली. "बाबा, ते दार काढताना त्याच्या मागे काय आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. शाळेतून आलो की आई घरात असायची आणि बोटाने गप्प राहा म्हणायची. मला वाटायचं ती अशीच आहे. दार उघडतो. पण आत काय ठेवू? माझ्याकडे आईचे जेवढे आवाज आहेत ते सगळे कुजबुजलेले आहेत. जेवलास का, हेसुद्धा."

खाली "समर्थ" लिहिलंस. बरं वाटलं.

मी माझा फोन उघडला. तिने मला पाठवलेले आवाजी निरोप असे कितीसे असणार? मी भाजी आणायला गेलो की पाठवायची. "कोथमीर आना." "पाऊस येतुय, निघा." सगळे कुजबुजलेले. चिमाजीच्या मुलीच्या लग्नातला व्हिडिओ काढला. आमचा जुना दोस्त चिमाजी, त्याच्या मांडवात बँड वाजतोय, लोक ओरडतायत, आणि मंजुळा कॅमेऱ्यासमोर येऊन पदर तोंडाशी धरून काहीतरी म्हणते. ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही.

आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे सगळे निरोप गेल्या पाचसहा वर्षांतले आहेत. मी निवृत्त झालो २०१७ ला. तेव्हापासून मी रात्री झोपतो, चारचौघांसारखा. दिवसा घरात कुणी झोपलेलं नव्हतं. मग ती कुणासाठी कुजबुजत होती?

भाभींना विचारलं. त्या उठल्या, म्हणाल्या, "ईद होऊ द्या भाऊ. रोज्यात असलं बोलायला ताकद नाही."

तुझ्या मेलला हे उत्तर नाही, मला माहीत आहे. दार उघडून ठेव. आत काय ठेवायचं ते विचारून सांगतो.

बाबा

*

पिंपळे गुरव,
१३ एप्रिल २०२५

प्रिय समर्थ,

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. वाटी ठेवली आणि स्वतःहून बोलायला लागल्या. जसं ऐकलं तसं लिहितोय, मधे काही मऊ करत नाही.

तुझी आई त्यांच्याकडे गेली की आधी मोठ्याने जांभई द्यायची. मग बोलायची ती शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशी. खलबत्त्याच्या ठोक्यावर गाणी म्हणायची, माहेरची, खेडकडची. आणि माझी नक्कल करायची. पाटावर उभी राहून, लाटणं हातात धरून, "कामगार बंधूंनो! आज आमटीला मीठ कमी हाय! आमी हे सहन करनार न्हाई!" लालमहंमदभाई जेवायला घरी आले असले तर ताटावर हात मारून घोषणा द्यायचे. आणि हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही. भिंतीवर थापा मारायची. भाभींनी भिंतीवर ती जागा मला दाखवली. मी हात लावून बघितला.

मी पस्तीस वर्षं त्या बाईशी संसार केला. ती भिंतीवर थापा मारून हसते हे मला परवा कळलं.

मग मी विचारलं, निवृत्तीनंतर काय झालं?

भाभी म्हणाल्या, "तुम्ही घरी बसलात. तिचं येणं बंद झालं. तुम्हाला अकराला चहा, एकला जेवण, चारला चहा. कधी विरजण मागायला यायची, दारातूनच जायची. मी एकदा धरून म्हटलं, अगं, आता तर तो रात्री झोपतो, आता बोल की आपल्या घरात मोठ्यानं! तर काय म्हणाली माहितीय? 'आता न्हाई जमायचं बाई. त्यो झोपला असला तर तासभर तरी माजा आसायचा. आता त्यो जागा हाय, त्याला समदंच ऐकू येतं.'"

एवढं सांगून भाभी रडल्या. मी रडलो नाही. मला ते नंतर आलं, भांडी घासताना. समर्थ, मी एकटा राहतो, आणि तरी पातेलं ओट्यावर ठेवताना खाली फडकं घालतो. तीच घालायची म्हणून मीही घालतो. कुणी झोपलेलं नाही या घरात.

तू भांडणात म्हणाला होतास की पहारेकरी निघून गेला तरी पहारा चालू राहतो, तो आपल्या अंगात जाऊन बसतो, आणि हे तुझ्या त्या फ्रेंच माणसांनी शोधून काढलं. मी म्हणालो होतो, कामगाराला अक्कल शिकवू नकोस. तुझा इतिहास उलटा आहे असं तुला लिहिलं, तेही मी मागे घेतो. हरलो म्हणून घर गप्प झालं हे खरं. पण गप्प राहिलं ते त्यानंतरही. आता मोठ्याने बोललं तरी चालेल, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा एकच माणूस होता. मला ते सुचलं नाही. सहा वर्षं मी पेपर वाचत होतो आणि ती माझ्यासमोर कुजबुजत होती आणि मला वाटत होतं, किती शांत घर आहे आपलं.

तू पाठवलेला नवा खेळ काल खेळलो. भाभी शेजारी होत्या. पुढच्या दारातून बाहेर पडलो, पॅसेज ओलांडला, हिरवं दार ढकललं, आणि ते उघडलं. आत रिकामी खोली. पांढऱ्या भिंती. तू काही ठेवलं नाहीस, मी सांगेन म्हणून थांबलास. मी त्या मुलाला खोलीच्या मधोमध नेऊन उभं केलं. भाभी सांगत होत्या, इथे मिक्सर, इथे मशीन, इथे ती बसायची पाय पसरून. मी तिला तिथे बसलेली डोळ्यांसमोर आणली. हिरवी साडी, मांडीवर परात, तोंड उघडं, हसतेय. आणि लगेच मला दिसलं की मी दारात आलोय, आणि तिने तोंड मिटलंय.

म्हणून माझी मागणी बदलतो. दार पुन्हा बंद कर. पूर्वीसारखं रंगवलेलं नको, खरं दार, आतून कडी लावलेलं. मला आत यायचं नाही. आईचं चित्र करू नकोस, तुला ते हसरं तोंड येणार नाही, आपण दोघांनी ते पाहिलेलं नाही. आतून फक्त आवाज येऊ दे.

आवाजाचं असं केलंय. आज सकाळी भाभींनी आपल्या घरात बसून सगळं जसं व्हायचं तसं केलं. फोडणी टाकली, मिक्सर लावला, चटणी कुटली, आणि मंजुळेशी बोलल्या. आपलं बोलायच्या, मग ती उत्तर देईल एवढा वेळ थांबायच्या, मग त्यावर पुन्हा बोलायच्या. "अगं, सासू काय म्हणाली मग?" थांबल्या. "हाय अल्ला! आणि तू?" पुन्हा थांबल्या. एके ठिकाणी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं, एवढं की खोकला आला, आणि खोकत खोकत म्हणाल्या, "पुरे गं मंजुळे, पुरे, माझं पोट दुखतं."

मी पॅसेजमध्ये फोन धरून उभा होतो, दाराला लावून. रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय. मधल्या जागा तशाच ठेव. काढू नकोस, जवळ आणू नकोस, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा आवाज भरू नकोस.

बाबा